पुठ्ठ्याचं घड्याळ आणि तारेवरचा बाप

दुकानात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. तिथे ती 'पाव नंबर' होती. चष्म्याची काच यंत्राखाली ठेवायच्या आधीच ती दोन बोटांत धरायची, खिडकीच्या चौकटीकडे रोखून डावी-उजवीकडे हलवायची आणि म्हणायची, "यात पाव नंबर कमी आहे." मग यंत्र लावलं की यंत्रही तेच म्हणायचं. मालकांनी पहिल्या वर्षी दोनदा पैज लावली, दोनदा हरले, आणि तिसऱ्यांदा शहाणे झाले.

खरं तर तिला पुढे काउंटरवर ठेवायला घेतलं होतं. पण ती गिऱ्हाइकांना धास्ती भरवायची. "अंधारात गाडी चालवता? मग दुसरा डोळाही नीट तपासून घ्या हं." "हे टिकलीसारखं काय दिसतंय तुमच्या बुबुळाशी?" चष्मा घ्यायला आलेला माणूस पांढराफटक पडून बाहेर जायचा. शेवटी मालक म्हणाले, "बाई, लोक इथे चष्मा घ्यायला येतात, काळजी घ्यायला नाही. तू आत जा." आत म्हणजे मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्रापाशी. तिथे गेली बारा वर्षं ती होती. यंत्रावर काच चढवायची, पाण्याची धार सोडायची, साडेतीन-चार मिनिटं घरघर ऐकत उभं राहायचं, काच उतरवायची, कड बोटाने तपासायची. काचा काळजी करत नाहीत, आणि तिने केली तर दचकतही नाहीत.

काळजी हा तिचा स्वभावच. कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणार. गॅस बंद केला की नाही हे नवऱ्याला विचारणार, त्याने "केला" म्हटलं की "बघून सांग" म्हणणार. लग्नाला सात वर्षं झाल्यावर मुलगी झाली तेव्हा या काळजीला हक्काचं घर मिळालं.

मुलगी जन्मतःच बारीक. बाप तिला कौतुकाने 'मुंगी' म्हणू लागला आणि तेच चिकटलं. सुरुवातीचे तीन महिने आई घरी होती. चौथ्या महिन्यात ती कामावर परतली तेव्हा दोघांनी दिवस मधोमध कापून घेतला. ती सकाळी साडेसातला निघून दोनला परत यायची. तो पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता. त्याने दुपारची पाळी मागून घेतली, अडीच ते साडेआठ. म्हणजे मुंगी कधीच एकटी नव्हती, आणि नवरा-बायको, रात्री झोपेने पेंगत असताना सोडलं तर, कधीच एकत्र नव्हते. त्यांची भेट व्हायची ती रोज दुपारी, जिन्यात. ती वर येतेय, तो खाली उतरतोय, मधल्या वळणावर मुंगी या खांद्यावरून त्या खांद्यावर.

पहिल्या आठवड्यात तिने त्याला दिवसाला अकरा फोन केले. प्यायली का, किती प्यायली, ढेकर काढला का, बघून सांग. अकराव्या फोनला मुंगी नुकतीच झोपलेली असायची आणि जागी व्हायची. मग भांडण. शेवटी तिनेच तोड काढली. दुकानाच्या दाराला पूर्वी एक पुठ्ठ्याचं घड्याळ लटकायचं. वर लिहिलेलं, 'परत येतो', आणि खाली हाताने फिरवायचे दोन काटे. दुकान दुपारचं बंद व्हायचं थांबलं तसं ते कपाटामागे पडलं होतं. तिने ते घरी आणून फ्रीजच्या दाराला लावलं. नियम असा: मुंगीला जो पाजेल त्याने काटे त्या वेळेवर लावायचे. त्यानंतर तीन तासांनी पुढची बाटली. दवाखान्यातल्या सिस्टरनीच सांगितलं होतं, तीन तासांचं अंतर ठेवा, सारखं सारखं तोंडाला लावू नका. आपली बाटली आपण धुवायची. आणि फोन फक्त आग लागली तरच.

दोन महिने हे घड्याळ चाललं. निदान त्या दोघांना तसं वाटत होतं.

मग एका गुरुवारी दवाखान्यात वजनकाट्याच्या सिस्टरनी मुंगीला पाळण्यासारख्या काट्यात ठेवलं, आकडा वाचला, उचललं, पुन्हा ठेवलं आणि पुन्हा वाचला. पुन्हा वाचणं काय असतं हे पाव नंबरला कुणी शिकवायला नको होतं.

"तीन आठवड्यांत साठ ग्रॅम," सिस्टर म्हणाल्या. "दिवसाला किती बाटल्या?"

"सहा."

"पूर्ण?"

"पूर्ण."

सिस्टरनी कागदावर काहीतरी लिहिलं. "दोन आठवडे देते. निदान दोनशे ग्रॅम चढले पाहिजेत. नाही चढले तर दाखल करून घेऊ. नळीने दूध घालून बघू, तपासण्या करू."

"नळी कुठून?"

"नाकातून."

ती घरी आली ती मुंगीच्या नाकाकडे बघतच. एवढंसं नाक. त्यात नळी.

सहा बाटल्या. तिच्या वाटच्या बाटल्या ती स्वतः पाजत होती, म्हणजे त्या तिच्या डोळ्यांदेखत जात होत्या. राहिल्या नवऱ्याच्या. हिशोब सरळ होता आणि दर मिनिटाला अधिकच सरळ होत गेला.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर तिने विचारलं, "साडेदहाला किती प्यायली?"

"सगळं."

"सगळं म्हणजे किती?"

"सगळं म्हणजे सगळं. बाटली रिकामी."

"मी बघितली नाही."

"धुतली ना! आपली बाटली आपण धुवायची, हे तुझंच फर्मान."

"आणि नंतरची?"

तो जरा थांबला. "घड्याळ बघ की. एक वाजताची लावलीय." आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. जिन्यात, अर्ध्या पायरीवर, घाईच्या वेळी नाडी. तिने ते टिपलं.

"तुझं कामच मुळी बसून राहायचं," ती म्हणाली. "शिट्टी गळ्यात अडकवायची आणि कुणी बुडेपर्यंत हलायचं नाही. तीच सवय घरात."

"बसलेला माणूस मोकळा असतो असं वाटतं तुला. मी बसून डोकी मोजत असतो. खाली गेलेलं प्रत्येक डोकं वर आलं की नाही."

"मग या डोक्याचं काय?" तिने मुंगीला पुढे केलं.

त्याने मुंगीच्या टाळूवर ओठ टेकले आणि खाली उतरला. शेजारचं दार किलकिलं होऊन पुन्हा लागलं.

मागच्या खोलीला एक खिडकी होती. समोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि भिंतीत बंद पडलेल्या नळाचा एक पाइप बाहेर डोकावत होता. त्या पाइपात त्या वर्षी पक्ष्यांच्या एका जोडीने घर केलं होतं. चिमणीएवढेच, पण डोक्यावर काळी टोपी, गाल पांढरे, आणि पोटावरून खाली उतरलेली एक काळी पट्टी, टायसारखी. दुकानातल्या मावशी त्यांना 'टोपीवाले' म्हणत. या मावशी म्हणजे फ्रेमच्या तिळाएवढ्या स्क्रूंशी तीस वर्षं झुंजलेली बाई. तोंडाने सतत चालू, हाताने त्याहून जास्त.

"दोघं सारखेच गं दिसतात," मावशी म्हणाल्या. "नवरा कुठला नि बायको कुठली, त्यांचं त्यांना तरी कळतं का देव जाणे."

"एकाची पट्टी रुंद आहे," ती न वळताच म्हणाली. "पायांपर्यंत जाते. दुसरीची अरुंद, आणि खाली येता येता विरते. रुंद तो नवरा असणार. गातो तोच जास्त."

"पाव नंबर उगाच नाही म्हणत तुला!"

पाइपात पिल्लं होती. दिसत नव्हती, पण ऐकू यायची. यंत्र थांबलं की भिंतीच्या पोटातून एक बारीक करकर यायची. दोघं दिवसभर अळ्या आणत. एक आत जायचा, बाहेर पडून उडायचा, की दुसरी. त्या शुक्रवारी, जिन्यातल्या भांडणाच्या दिवशीच सकाळी सुरू केलेलं एक वेड तिने नंतर सोडलं नाही. काच घासली जाईपर्यंतच्या साडेतीन मिनिटांत काचेच्या रिकाम्या पाकिटावर ती पेन्सिलीने लिहायची: रु, अ, रु, अ. रुंद आला, अरुंद आली.

मालकांनी सोमवारी एक पाकीट उचललं. "हा कुठला नंबर? रु, अ, रु, अ, अ, रु? या माणसाला डोळे किती?"

"चुकून दुसऱ्या पाकिटावर लिहिलं," ती म्हणाली आणि कानशिलं तापेपर्यंत लाजली.

पण खुणा खोट्या नव्हत्या. एकाने लागोपाठ दोन फेऱ्या केल्या असं क्वचितच. पाळी ठरवून दिल्यासारखे ते एकामागून एक येत होते. घड्याळ नाही, जिना नाही, भांडण नाही. तिला त्या शिस्तीचा हेवा वाटला, आणि हेव्यामागून राग आला, कारण मंगळवारी तिला एक गोष्ट दिसली.

रुंद पट्टीवाला चोचीत हिरवीगार अळी घेऊन आला आणि पाइपात न जाता दोन भिंतींमधून गेलेल्या तारेवर बसला. अळी चोचीत वळवळतेय. आत पिल्लं करकरतायत. आणि हा बसलाय. मान इकडे, मान तिकडे, शेपटी वर-खाली.

"बघा," ती मावशींना म्हणाली. "बघा, बघा! खाणं तोंडात, पोरं समोर, आणि साहेब तारेवर बसलेत."

मावशी स्क्रूवरून नजर न काढता म्हणाल्या, "पुरुषाची जात. घास असतो गं त्यांच्याकडे. भरवायचं सुचत नाही."

"हेच! अगदी हेच!"

"माझे हे तर ताटासमोर बसूनही विचारायचे, जेवायचं का? अगं, तो बसलाय तर बसू दे. तुझी काच जास्त घासली जाईल."

काच खरंच जास्त घासली गेली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून काच फुकट गेली. ती टाकून देताना दोष तिने तारेवरच्या पक्ष्याला दिला.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा मुंगी बापाच्या खांद्यावर शांत पेंगत होती. इतकी शांत? घड्याळात एक वाजलेला. म्हणजे पुढची बाटली चारला. तिने मुंगीचे दंड चाचपले. बोटांत धरून काच पारखणाऱ्या तिच्या हातांना सगळं कळायचं. या दंडांत पाव नंबरही चढला नव्हता. बुधवारी पुन्हा तेच. सहा दिवस गेले. राहिले आठ. तिने ठरवलं, की गुरुवारी मालकांशी बोलायचं आणि काम सोडायचं. लोक उगाच म्हणत नाहीत, आपला हात जगन्नाथ.

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास खिडकीच्या काचेवर थप्प असा आवाज झाला. ती काच मालकांनी आदल्याच दिवशी घासूनपुसून लख्ख केली होती. खालच्या कठड्यावर एक टोपीवाला पसरलेला होता, पाय वर.

"मेला?" मावशी धावत आल्या.

पाव नंबरने त्याला ओंजळीत घेतलं. छातीत धडधड होती, बोटांना कळत होती. तिने पोट पाहिलं. पट्टी अरुंद. "ही ती आहे."

मावशींनी चष्म्यांच्या डब्यांचा एक पुठ्ठ्याचा खोका रिकामा केला, तळाशी काचा पुसायचं मऊ फडकं घातलं, आणि पक्षीण आत ठेवून झाकण अर्धवट टेकवलं. "अंधारात राहू दे. झीट आलीय. मी नाही का त्या काचेच्या दारावर आपटले होते, तशी. अर्ध्या तासात उठेल नाहीतर उठणार नाही. आपण बघत बसलो म्हणून काही होत नाही."

पण ती बघत बसली. खोक्याकडे नाही, तारेकडे.

कारण रुंद पट्टीवाला आला होता. चोचीत अळी. तारेवर बसला. आत करकर सुरू झाली, वाढली. तो बसलेलाच. एकदा पाइपाच्या तोंडापर्यंत उडाला, आत गेला नाही, परत तारेवर. मान इकडे, मान तिकडे. पिल्लांकडे पाठ करून तो उडायच्या वाटेकडे बघत होता, जिथून ती येते त्या वाटेकडे. मग त्याने चोचीतल्या अळीसकट एक चिरका आवाज काढला. थांबला. पुन्हा काढला.

"वाट बघतोय गं तो," मावशी म्हणाल्या, या वेळी स्क्रू खाली ठेवून. "ती येऊन गेल्याशिवाय आपण जायचं नाही, असं काहीतरी असेल त्यांचं."

पाव नंबर उभीच राहिली. यंत्र घरघरत होतं. कुलूप लावलं नाही हे अर्ध्या रस्त्यात आठवावं, तसं तिला काहीतरी आठवलं.

तो आळशी नव्हता. त्याला खूण मिळाली नव्हती.

आणि तिच्या घरातला जो बसून होता, त्याला कुठली खूण मिळत होती? पुठ्ठ्याच्या घड्याळाची. ते घड्याळ सकाळी कोण लावत होतं?

ती साडेपाचला उठून मुंगीला पूर्ण बाटली पाजायची. खरं म्हणजे पुढची साडेआठला. पण साडेसातला, चपला घालताना, तिचा पाय निघायचा नाही. मुंगी तिच्याकडे बघायची, आणि तिला वाटायचं, उपाशी ठेवून जातेय. मग, तो आत झोपलेला असताना, चार चमचे दूध. बस, चारच, जिवाला बरं म्हणून. आणि पाजलं की काटे लावायचे, हा नियम; ती नियमाने काटे साडेसातवर लावायची. म्हणजे तो बिचारा साडेदहापर्यंत थांबायचा. साडेपाच ते साडेदहा. पाच तास आणि चार चमचे.

तिने यंत्र बंद केलं आणि ओल्या हाताने फोन लावला.

"आग लागली का?" तो घाबरून म्हणाला.

"घड्याळात किती वाजलेत?"

"खऱ्या की पुठ्ठ्याच्या?"

"पुठ्ठ्याच्या!"

"साडेसात. म्हणून थांबलोय ना. रडतेय केव्हाची. खांद्यावर घेऊन बारा फेऱ्या मारल्या. अजून अर्धा-पाऊण तास आहे."

"पाज तिला. आत्ता पाज."

"अगं, पण तीन तास..."

"साडेसात खोटं आहे. मी चार चमचेच देते निघताना. रोज. माझ्याच्याने निघवत नाही म्हणून." तिने ओला हात पदराला पुसला. "बाटली नसते ती. नुसते चार चमचे."

पलीकडे पावलांची धावपळ. मग झाकणाचा आवाज, मग मुंगीचं रडणं मध्येच तुटून त्याची गटागट झाली. तिला ती गटागट फोनमधून ऐकू येत होती.

"ऐक," बाटली अर्धी झाल्यावर तो म्हणाला. "एक वाजताचंही खोटं आहे."

"काय?"

"तू येतेस तेव्हा ती रडत असली की तुझा चेहरा असा होतो ना... मला तो बघवत नाही. म्हणून दीडची वेळ व्हायच्या आधीच, एकच्या सुमारास, थोडं चाटवतो आणि झोपवतो. तू आलीस की शांत दिसावी. मग काटे एकवर."

"आणि मी चारपर्यंत थांबते."

"हो."

सहा बाटल्या ठरल्या होत्या. त्यातल्या चार मुंगीच्या पोटात जात होत्या आणि दोन घड्याळाच्या. आपापली बाटली दोघांनी इतकी इमानाने धुतली होती, की उरलेलं दूध कधी कुणाला दिसलंच नाही.

"तरी म्हटलं, त्या दिवशी जिन्यात नाडी कशाला," ती म्हणाली.

"सुटली नव्हतीच," तो म्हणाला.

खिडकीबाहेर रुंद पट्टीवाला शेवटी आत गेला होता. मग तो एकट्यानेच फेऱ्या मारू लागला, आधीपेक्षा भरभर. तिने पाकिटावर खुणा केल्या: रु, रु, रु, रु. दुप्पट काही होत नव्हत्या. दोघांचं काम एकट्याने पुरं होत नव्हतं, एकाच्या दीडपट होत होतं, आणि तेवढ्यानेच त्याची पिसं पिंजारल्यासारखी झाली होती. दहा वाजून गेल्यावर खोक्यात खरखर झाली. मावशींनी झाकण काढलं. अरुंद पट्टीवाली फडक्यावर उभी होती, डोळे मिचकावत, गिऱ्हाईक नवा चष्मा लावून उभं राहतं तशी. मग ती खिडकीतून सुटली, तारेवर बसली, तिथून थेट पानांत. थोड्या वेळाने पाकिटावर पुन्हा एक 'अ' पडला. काम सोडण्याविषयी मालकांशी बोलायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला चपला घालताना तिचा हात आपसूक चमच्याकडे गेला. नवा नियम ठरला होता: बाटली तळापर्यंत रिकामी झाल्याशिवाय काट्यांना हात लावायचा नाही, आणि मधे चमचाही नाही, थेंबही नाही. घड्याळात साडेपाच होते. खरे साडेपाच. मुंगीने तिला बघून तोंड वेडावाकडं केलं.

"जा तू," नवरा दारात उभा राहून म्हणाला.

"रडेल ती."

"रडेल. मग भूक लागेल. मग पिईल. साडेआठला."

"तू बघशील ना?"

"नाही, मी शिट्टी वाजवत बसेन."

ती हसली नाही. खाली उतरली, मधल्या वळणावर थांबली. वर मुंगीने सूर लावला. हा तिच्या ओळखीचा, पोटातून ओढून घेणारा सूर. तिने कठडा धरला. एक पायरी वर गेली. परत खाली आली. वर त्याच्या चपलांची फटफट ऐकू येत होती, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकापर्यंत. रडणं थांबत नव्हतं, फटफटही थांबत नव्हती. शेजारीण दूध घ्यायला बाहेर आली, म्हणाली, "काय गं, काही विसरलीस?"

"नाही," ती म्हणाली. "नाही विसरले." आणि धावतच खाली गेली, कारण चालत गेली असती तर परत फिरली असती.

तो आठवडा तिने कसा काढला ते काचांना माहीत. ती तीन वेळा फोनपर्यंत गेली आणि एकदाच लावला. तोही फक्त "काही नाही" म्हणायला. पण आता रोज दुपारी जिन्यात मुंगी तिच्या खांद्यावर यायची ती भुकेने लालबुंद, पाय झाडत, आणि अडीचच्या ठोक्याला बाटली अशी ओढायची की निपल चपटं व्हायचं. नवऱ्याची रिकामी बाटली आता ओट्यावर न धुता ठेवलेली असायची, तिने बघावी म्हणून. तिची त्याच्यासाठी. घर जरा गचाळ दिसू लागलं.

सोमवारी पाइप गप्प झाला. पिल्लं उडून गेली होती. त्यांना उडताना तिने पाहिलंच नाही. रविवारी दुकान बंद असतं.

दुसऱ्या गुरुवारी दोघं मिळून दवाखान्यात गेले. त्याने तलावावरून दोन तासांची सुटी काढली होती. सिस्टरनी मुंगीचे सगळे कपडे काढायला लावले, लंगोटसुद्धा. पाव नंबर काट्याच्या इतकी जवळ उभी होती की सिस्टर म्हणाल्या, "बाई, तुझा पदर काट्यावर आला तर तुझंही वजन धरलं जाईल."

आकडा हलला, थरथरला, थांबला.

"एकशे नव्वद," सिस्टर म्हणाल्या.

"दहा कमी," ती म्हणाली. "दोनशे म्हणाला होतात. दहा कमी आहेत."

सिस्टरनी बाजूला ठेवलेला लंगोट दोन बोटांनी उचलून तोलला. "दहा ग्रॅम इथे आहेत. चांगले पन्नास असतील. अर्ध्या तासापूर्वी आला असतात तर तुमचे दोनशेच्या वर भरले असते." मग त्यांनी चष्मा वर केला. "दाखल नाही करत. पुढच्या गुरुवारी पुन्हा आणा. काय बदललं तुम्ही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घड्याळ," तो म्हणाला.

"नवीन घेतलं?"

"नाही. तेच आहे."

सिस्टरना काही कळलं नाही, पण त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर बाकड्यांच्या रांगेत बसेपर्यंत मुंगीने टाहो फोडला. वेळ झाली होती. त्याने खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि बाटली काढली. तिनेही त्याच क्षणी आपल्या पिशवीतून बाटली काढली. दोन भरलेल्या बाटल्या, दोन्ही कोमट. दोघांनीही एकमेकांना न सांगता आणल्या होत्या.

"तू कशाला आणलीस?"

"तू विसरलास तर म्हणून. आणि तू?"

"तू विसरणार नाहीस, हे माहीत होतं," तो म्हणाला. "तरी आणली."

मुंगी दोन्ही बाटल्यांकडे आलटून पालटून बघत रडत होती.

"आधीची कुणाची होती?" त्याने विचारलं.

"माझी." तिने क्षणभर आपली बाटली घट्ट धरली, अंगठा बुचावर, उघडायच्या बेतात. मग ओठ आवळून म्हणाली, "पाळी तुझी."

त्याने मुंगीला आडवं घेतलं. गटागट सुरू झाली. ती शेजारी बाकाच्या कडेवर बसली, भरलेली बाटली दोन्ही हातांत धरून, मान एकदा मुंगीच्या घशाकडे आणि एकदा त्याच्या बाटलीतल्या दुधाच्या रेघेकडे वळवत. रेघ खाली सरकत होती. तिच्या हातातली बाटली गार होत चालली होती. पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी बराच वेळ बघत होती, शेवटी न राहवून तिने विचारलं, "पोर रडत होतं तेव्हापासून बाटली हातात घेऊन बसलीयस, पाजत का नाहीस गं?"

"थांबलेय," पाव नंबर म्हणाली, आणि पायाने जमिनीवर ठेका धरत थांबून राहिली.